खरवड

एकतीस वर्षं मी माझगावच्या गोदीत
जहाजांचा गंज खरवडला.
आधी हातोडी, मग पत्री, मग तारेचा ब्रश,
मग रेड ऑक्साइडचे दोन हात.
दळवी फोरमन म्हणायचा, समुद्राला शिव्या देऊ नका रे,
लोखंड खातो तो वारा.
पाणी नुसतं दार उघडून देतं.

डॉक्टर तडवी माझ्या धाकटीच्या वयाची.
म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात तीन नंबरच्या खोलीत बसते.
रिपोर्ट माझ्याकडे वळवून
तिनं पेन टेकवलं सात पूर्णांक चारवर.
"आजोबा, आजींच्या रक्तात लोह फार कमी आहे."

मी म्हणालो, माझ्या नखांत आहे अजून,
लागेल तेवढं काढून घ्या.

ती हसली नाही. लिहीत राहिली.
लाल माठ. शेवग्याचा पाला. हळीव. नाचणी.
भाजीवर लिंबू पिळायचं, रोज एक आवळा,
आंबटाची सोबत असली की लोह अंगी लागतं.
जेवणावर लगेच चहा नाही, चहा त्याला वाटेतच अडवतो.
आणि शेवटी एक शब्द, ज्याला माझी जीभ अडखळली:
अँटिऑक्सिडंट.

"ज्या हवेवर आपण जगतो ना आजोबा,
तीच आत थोडी थोडी झीज करते.
रंगीत भाज्या, फळं ती झीज आवरतात.
सगळी नाही. थोडी."

म्हणजे प्रायमर, मी म्हणालो.

तिनं पेन खाली ठेवलं.
"तसं समजा. पण हा रोज लावावा लागतो.
आणि गोळ्या चुकवायच्या नाहीत."

बाकावर कुमुदिनी पिशवीचा बंद पिळत बसलेली,
जसं काही शेजारणीबद्दल चाललंय.

डब्यात लाल माठ असला की भात गुलाबी व्हायचा.
डायस ओरडायचा, अरे, तुझ्या भाताला लाज वाटली!
मी माठ त्याच्या झाकणात लोटायचो
आणि त्याच्याकडचा बोंबील उचलायचो.
किती जुड्या निवडल्या असतील तिनं,
पहाटे, दिव्याखाली, देठाच्या शिरा सोलत,
डायसच्या रक्तासाठी.

आणि ती?
आम्ही चौघं उठलो की बसायची.
भाजीचं पातेलं तोवर पुसलेलं.
भाताच्या बुडाची खरवड, चपातीचा कडक काठ,
वर कपभर चहा.
हिला खरवड आवडते, मी पाहुण्यांना सांगायचो.
कौतुकानं सांगायचो.

परवा भायखळ्याच्या पुलाखाली गेलो.
पालघरकडची सोमी धोडी तिथं पाला घेऊन बसते.
दोन जुड्या मागितल्या तर माझ्यामागे बघत म्हणाली,
"बाई कुठंय?"
घरी, म्हटलं.
तिनं न विचारता पिशवीत सहा आवळे टाकले
आणि त्यांचे पैसे मोजून घेतले.

माळ्यावरून लोखंडी कढई काढली.
तांबूस पापुद्रा धरलेला, कडेला खड्डे.
हे मात्र माझं काम.
चिंच, राख, नारळाची शेंडी,
तासाभरात तळ दिसला, काळाभोर, गुळगुळीत.
इथं प्रायमर नको. तेलाचा हात पुरतो.
लसूण जरा जास्त लाल झाला.

ताट वाढलं तर ती उभीच.
तुम्ही बसा आधी, म्हणते.
मी बसत नाही. ती बसत नाही.
भाजी निवत चालली.
शेवटी दोघं एकदमच खाली बसलो, गुडघे धरून,
आणि पहिला घास घेऊन ती म्हणाली,
"मीठ विसरलात."

मीठ आणायला उठली. आणलं. सगळं संपवलं.
बोटं गुलाबी झालेली.
मग सवयीनं चहाचं आधण ठेवायला गेली,
मी घड्याळाकडे बोट दाखवलं.
पुटपुटली काहीतरी. पण गॅस बंद केला.

बुडाची खरवड मी घेतली.
करपट लागते.
दाढेखाली कुरकुरते, आणि मग नुसती करपट.